उत्स्फूर्तता आणि संपादन : ‘बिचेस ब्रू’ची संहिता

मराठी समीक्षेत ‘उत्स्फूर्तता’ हा शब्द दोन निरनिराळी कामे करतो आणि ती निरनिराळी आहेत याचे भान बहुधा ठेवले जात नाही. एकदा हा शब्द निर्मितिप्रक्रियेचे वर्णन करतो. अमुक कृती पूर्वयोजनेवाचून, एका क्षणाच्या ओघात सिद्ध झाली, इतकेच तो सांगतो. दुसऱ्या वेळी तो मूल्यवाचक बनतो. कृती उत्स्फूर्त आहे असे म्हणताना ती जिवंत, अकृत्रिम, म्हणूनच श्रेष्ठ आहे असे सुचविले जाते. पहिल्या अर्थावरून दुसऱ्या अर्थावर घेतलेली ही उडी केशवसुतांच्या पिढीपासून आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली आहे की, ती उडी आहे हेही जाणवेनासे झाले. भावनांच्या उत्स्फूर्त उद्रेकाविषयीचे वर्डस्वर्थचे विधान आपल्या पाठ्यपुस्तकांनी पिढ्यान् पिढ्या गिरवले. त्याच प्रस्तावनेत त्याने घातलेली, शांत मनःस्थितीतील पुनःस्मरणाची अट मात्र बव्हंशी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांपुरतीच उरली. संगीतविषयक लेखनात तर हा गोंधळ अधिकच दाट आहे. मैफलीत आयत्या वेळी सुचले म्हणून ते श्रेष्ठ, आणि घरून ठरवून आणले म्हणून ते कमअस्सल, अशी निवाड्याची एक सोपी पद्धत त्यातून रूढ झाली आहे.

ही पद्धत अडचणीत आणणारी एक कृती म्हणून माइल्स डेव्हिस यांच्या ‘बिचेस ब्रू’ या ध्वनिमुद्रिकेकडे पाहता येते. दोन तबकड्यांचा हा संच कोलंबिया कंपनीने ३० मार्च १९७० रोजी प्रकाशित केला. जॅझ आणि रॉक यांच्या संकरातून निघालेल्या ज्या प्रवाहाला पुढे ‘फ्यूजन’ हे नाव पडले, त्याचा हा एक मूळग्रंथच मानला जातो. (‘फ्यूजन’ हा शब्द आपल्याकडे आता तबल्याशेजारी गिटार ठेवली की लावला जातो, त्या अर्थाशी प्रस्तुत विवेचनाचा संबंध नाही.) शीर्षकातला श्लेष अनुवादाला दाद देणारा नाही. इंग्रजीतील ‘चेटकिणींचा काढा’ या रूढ शब्दप्रयोगातील एकच अक्षर बदलून तो साधलेला आहे, आणि त्या बदलाने शिवी आत येते.

ध्वनिमुद्रण १९, २० आणि २१ ऑगस्ट १९६९ या लागोपाठच्या तीन दिवशी न्यूयॉर्कमध्ये झाले. वादकांचा गाभा डेव्हिस यांच्या त्या वेळच्या फिरत्या पंचकाचा होता : वेन शॉर्टर, चिक कोरिया, डेव्ह हॉलंड, जॅक डिजॉनेट आणि स्वतः डेव्हिस. या पंचकाने ‘स्पॅनिश की’, ‘माइल्स रन्स द व्हूडू डाउन’ आणि ‘सँक्च्युअरी’ या रचना महिनाभर आधी फ्रान्समधील आँतिबच्या महोत्सवात रंगमंचावर वाजविल्या होत्या. तेव्हा मुद्रणगृहात जे घडले ते अगदी शून्यातून घडले, ही समजूत आधीच बाजूला ठेवावी लागते. या गाभ्याभोवती डेव्हिस यांनी भरघोस भर घातली. जो झाविनुल आणि लॅरी यंग यांचे विद्युत्-पियानो, जॉन मॅक्लॉफ्लिन यांची गिटार, हार्वी ब्रुक्स यांचे विद्युत्-बेस, बेनी मॉपिन यांचे खर्जातले बेस-क्लॅरिनेट, आणि लेनी व्हाइट, डॉन अलायस, जुमा सांतोस हे तालवादक. लेनी व्हाइट त्या वेळी अवघे १९ वर्षांचे होते. वादकांच्या हाती फारसे काही लिहून दिलेले नव्हते. एखादी बेसची आवर्ती आकृती, एखादा स्वरसमूह, लयीची एक सूचना, आणि बाकीचे डेव्हिस यांच्या हाताच्या खुणेवर. एखादा खंड रंगेनासा झाला की ते थांबवीत आणि दुसऱ्या बाजूने सुरुवात करवीत. टेप मात्र चालूच राही.

इथवरची हकीकत उत्स्फूर्ततेच्या रूढ कल्पनेला पोषकच आहे. अडचण सुरू होते ती चौथ्या दिवसापासून, म्हणजे वादक घरी गेल्यानंतर. निर्माते टीओ मॅसेरो हे केवळ कंपनीचे कारभारी नव्हते. जूलियार्ड संस्थेत शिकलेले ते संगीतकार होते, चार्ल्स मिंगस यांच्याबरोबर सॅक्सोफोन वाजविलेले होते, आणि टेप कापून-जोडून संगीत रचण्याच्या युरोप-अमेरिकेतील प्रयोगांशी त्यांचा परिचय होता. त्यांनी या टेपांवर कात्री चालविली. ‘फेअरोज डान्स’ ही पहिल्या तबकडीची संपूर्ण पहिली बाजू व्यापणारी, सुमारे २० मिनिटांची रचना घेतली तर अभ्यासकांनी तिच्यात १९ जोड मोजले आहेत. त्यांतले बरेच पहिल्या तीन मिनिटांत एकवटलेले आहेत, आणि पुढे एका ठिकाणी जेमतेम सेकंदभराचा तुकडा लागोपाठ अनेकदा जोडून एक अडखळती, यांत्रिक उसळी निर्माण केली आहे. ती उसळी कोणत्याही वादकाने कधीही वाजविलेली नाही. श्रोत्याला सुरुवातीची मांडणी म्हणून जे ऐकू येते तेही वादकांच्या दृष्टीने मांडणी नव्हते. मॅसेरो यांनी तुकड्यांच्या पुनरावृत्तीने ती मागाहून उभी केली आहे.

याहून विलक्षण गोष्ट अशी की, झाविनुल यांनी लिहिलेली मुख्य धून डेव्हिस यांच्या ट्रम्पेटवर पूर्णपणे उमटते ती रचनेच्या अखेरच्या टप्प्यात, सोळा मिनिटे उलटून गेल्यावर. ख्यालाच्या श्रोत्याला याचे आश्चर्य विशेष वाटेल. विस्तार आधी आणि बंदिश शेवटी, असा हा उलटा प्रवास आहे. आधीच्या सोळा मिनिटांत जे इकडेतिकडे विखुरलेले भासत होते ते या धुनेच्या उजेडात मागाहून सुसंगत वाटू लागते. हा अर्थपूर्ण क्रम कोणत्या क्षणी सुचला? वादनाच्या क्षणी, की संपादनाच्या मेजावर? झाविनुल यांनी पुढे सांगितलेली एक आठवण इथे बोलकी आहे. कोलंबियाच्या कचेरीत कानावर पडणाऱ्या संगीताने ते चकित झाले आणि हे काय आहे अशी त्यांनी चौकशी केली, तेव्हा ही तुम्ही वाजविलेलीच ध्वनिमुद्रिका आहे असे उत्तर त्यांना मिळाले. वादकाला स्वतःच्या उत्स्फूर्त वादनाची ओळख पटू नये, ही घटना गमतीची म्हणून सांगितली जाते. सिद्धान्ताच्या दृष्टीने ती गमतीची नाही.

अशा कृतीपुढे समीक्षा दोन सोप्या प्रतिक्रिया देते. पहिली प्रतिक्रिया फसवणुकीची. जे घडलेच नाही ते घडल्यासारखे दाखविले, तेव्हा हे जॅझ नव्हे, असे परंपरानिष्ठ म्हणतात. दुसरी प्रतिक्रिया उत्साहाची. कर्ता विसर्जित झाला, आता फक्त संहिता आणि तिचा श्रोता उरला, असे बार्थचे नाव घेऊन म्हटले जाते. दोन्ही प्रतिक्रिया एकाच गृहीतकावर उभ्या आहेत. उत्स्फूर्तता ही कृतीच्या जन्मवेळेशी निगडित असलेली बाब आहे, असे दोघीही धरून चालतात. पहिली त्या जन्मवेळेचा दाखला मागते, दुसरी दाखला मिळत नाही म्हणून जन्मदात्यालाच नाकारते. यांपैकी दुसरी तर वस्तुस्थितीलाही धरून नाही. ‘बिचेस ब्रू’त कर्ते कमी झालेले नाहीत, वाढले आहेत. डेव्हिस निवडतात आणि थांबवितात, बारा-तेरा वादक प्रतिसाद देतात, मॅसेरो क्रम लावतात. मुखपृष्ठावर नाव एकाचेच असले तरी कर्तृत्वाची ही वाटणी कानाला कळत राहते. ‘जॉन मॅक्लॉफ्लिन’ या सव्वाचार-साडेचार मिनिटांच्या खंडात तर डेव्हिस आणि शॉर्टर दोघेही वाजवीत नाहीत. शीर्षक-रचनेच्या ध्वनिमुद्रणातून हा खंड सुटा काढून त्याला स्वतंत्र नाव देण्यात आले. नायकाच्या ग्रंथातील एका प्रकरणात नायक बोलतच नाही, आणि तरीही ते प्रकरण त्याचेच वाटते, असा हा प्रकार आहे.

मर्ढेकरांनी ‘वाङ्मयीन महात्मता’त केलेला एक भेद इथे उपयोगी पडतो. आत्मनिष्ठेची चर्चा करताना लेखकाच्या खाजगी प्रामाणिकपणाशी त्यांना कर्तव्य नव्हते. त्यांना अभिप्रेत होती ती लेखनगर्भ आत्मनिष्ठा, म्हणजे लेखनाच्या घडणीतच प्रत्ययाला येणारी. लेखक मनाने कितीही सच्चा असला तरी लेखन खोटे असू शकते, आणि या खोटेपणाचा पुरावा लेखनातच शोधावा लागतो. याच धर्तीवर ‘कृतिगर्भ उत्स्फूर्तता’ अशी संकल्पना मांडता येईल. वादक त्या क्षणी खरोखरच पूर्वयोजनेवाचून वाजवीत होता की नाही, हा चरित्राचा प्रश्न झाला. कृतीत प्रत्येक पुढचे पाऊल आधीच्या पावलाने अपरिहार्य केलेले नाही, पण ते पडल्यावर मात्र तेच पडायला हवे होते असे वाटते, या दोन जाणिवांचा ताण ऐकताना टिकून राहतो का, हा समीक्षेचा प्रश्न होय. असा ताण संपादित कृतीतही असू शकतो, आणि अखंड, असंपादित मैफलीतही तो नसू शकतो. घोटून पाठ केलेल्या ताना आयत्या वेळी फेकणारे गायन प्रक्रियेच्या अर्थाने प्रत्यक्ष असते, परंतु कृतिगर्भ अर्थाने उत्स्फूर्त नसते, हे आपल्याकडच्या कोणाही जाणत्या श्रोत्याला पटेल.

या संकल्पनेची कसोटी ध्वनिमुद्रिकेतच घेता येते. ‘माइल्स रन्स द व्हूडू डाउन’ ही रचना अखंड आहे, तिच्यात जोड नाहीत. तिच्या जन्माची कथाही प्रसिद्ध आहे. डेव्हिस यांना हवा तो ठेका जमेना, तेव्हा तालवाद्यांच्या साथीसाठी बोलाविलेले डॉन अलायस न्यू ऑर्लिन्सच्या मार्दी ग्रा उत्सवातल्या मिरवणुकीत ऐकलेला एक ठेका आठवून ड्रम्सवर बसले, आणि गाडी चालू लागली. त्या ठेक्याची चाल मंद, किंचित लंगडती, पण कधीही न थकणारी आहे. तिच्यावर डेव्हिस यांचे ट्रम्पेट छोट्या, तुटक वाक्यांत बोलते, थांबते, वर चढून एकदम किंचाळते, पुन्हा खाली येते. हे सारे वादक एकमेकांकडे कान देऊन वाजवीत आहेत याची प्रचिती क्षणोक्षणी येते. आता ‘फेअरोज डान्स’ ऐकावे. तिथेही धोका आहे, अनपेक्षितता आहे. मात्र ती वादकावादकांत नसून खंडाखंडांत आहे. एका तुकड्यातून दुसऱ्या तुकड्यात जाताना जमीन जराशी सरकते, आणि कान नव्याने तोल सावरतो. ताण दोन्हीकडे आहे, त्याची जागा बदललेली आहे. असे असताना पहिलीला खरी आणि दुसरीला बनावट म्हणणे म्हणजे आत्मनिष्ठेचा दाखला लेखकाच्या शेजाऱ्याकडून मागविण्यासारखे आहे.

मर्ढेकरांच्याच लयसिद्धान्ताकडे वळले तर मात्र गणित तितके सोपे राहत नाही. संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांनी सर्व कलांतील सौंदर्याची संघटना उलगडते असा त्यांचा दावा ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथात आहे. पहिली दोन तत्त्वे ‘बिचेस ब्रू’ला चपखल लागू पडतात. ध्वनीचे अवकाशातील वाटपच त्यांवर बेतलेले आहे. झाविनुल आणि व्हाइट डाव्या कानाशी, कोरिया आणि डिजॉनेट उजव्या कानाशी. दोन विद्युत्-पियानो एकमेकांची वाक्ये पुरी करतात, तोडतात, कधी एकमेकांना ढकलतात. दोन ड्रम-संच एकाच ठेक्याचे दोन पाठ वाजवितात. तळाशी मॉपिन यांचे बेस-क्लॅरिनेट सरपटत असते आणि अगदी वरच्या बाजूला ट्रम्पेट तळपते. संवाद आणि विरोध यांची इतकी दाट वीण त्या काळाच्या लोकप्रिय संगीतात क्वचितच आढळते. समतोलाचे काय? सुमारे २७ मिनिटांची शीर्षक-रचना प्रतिध्वनीत बुडालेल्या, तालमुक्त ट्रम्पेटच्या हाकांनी सुरू होते. मग बेसची आवर्ती आकृती पाय रोवते आणि सगळा वृंद तिच्यावर चढत जातो. पुढे त्या तालमुक्त हाका पुन्हा येतात, आणि शेवटीही येतात. कागदावर ही उत्तम समतोलरचना आहे. ऐकताना मात्र परतलेल्या हाका काहीही मिटवीत नाहीत. त्या पहिल्याइतक्याच प्रश्नार्थक असतात, आणि रचना संपते असे न म्हणता ती विझते असे म्हणावे लागते. मर्ढेकरांचा समतोल हा विरोधाचे शमन करणारा आहे. इथे विरोध शमत नाही, फक्त थांबविला जातो. सर्व कलाकृतींना एकच संघटनतत्त्व लावण्याच्या प्रयत्नाविषयी रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त घेतलेल्या आक्षेपांची इथे आठवण होणे स्वाभाविक आहे.

अर्थात या अशमनाचे सरसकट कौतुक करण्याचेही कारण नाही. शीर्षक-रचनेचा उत्तरार्ध सैल आहे. बेसची आकृती तीच राहते, वादकांना सुचणे काही काळ थांबलेले असते आणि श्रोत्याला ते जाणवते. मॅसेरो यांची कात्री तिथे चालायला हवी होती. याउलट ‘स्पॅनिश की’ ही या संचातील सर्वांत सुघटित रचना. स्वरसमूहांची एक मालिका ठरलेली आहे. एकातून दुसऱ्यात केव्हा जायचे हे एकल वादन करणारा वादक आपल्या वादनातून सुचवितो आणि सगळा वृंद त्याच्यामागून वळतो. ही पद्धत डेव्हिस यांनी १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधील ‘फ्लेमेंको स्केचेस’मध्ये आजमावलेली होती. इथे मात्र ती प्रचंड वेगात आणि गजबजाटात वापरली आहे. त्यामुळे प्रत्येक वळण एकाच वेळी नियमबद्धही वाटते आणि धोकादायकही.

रागसंगीताशी तुलना केल्यावाचून मराठी विवेचन पुरे होत नाही, असा एक संकेत आहे. तो पाळावा, पण सावधपणे. रागाला व्याकरण असते आणि ते व्याकरण गायक व श्रोता दोघांनाही आधीपासून अवगत असते. उपजेचे मूल्य त्या व्याकरणाच्या पार्श्वभूमीवरच ठरते. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’ (१९६१) मध्ये घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन ध्रुवांमध्ये केली, ती शक्य झाली कारण हे व्याकरण सर्व घराण्यांना समान होते. ‘बिचेस ब्रू’ला असे पूर्वसिद्ध व्याकरण नाही, ते प्रत्येक रचनेगणिक नव्याने बांधले जाते आणि बऱ्याचदा मागाहून, संपादनात, बांधले जाते. नोव्हेंबर १९६९ मध्ये डेव्हिस यांनी सतार, तंबोरा आणि तबला मुद्रणगृहात आणले, त्यानेही या स्थितीत फरक पडला नाही. तिथे ही वाद्ये रंग म्हणून येतात, व्याकरण म्हणून नव्हे. खरी तुलना दुसरीकडे आहे. मिरजेच्या अब्दुल करीम खाँ यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या. तासाभराचा राग त्या अवधीत बसविताना काय गाळायचे, काय ठेवायचे, हे खाँसाहेबांनाच आणि गाण्याआधीच ठरवावे लागले. म्हणजे तिथेही संपादन होते. यंत्राने ते गायकाच्या गळ्यात नेऊन ठेवले होते, एवढेच. त्या तबकड्यांना कोणी बनावट म्हटले नाही. उलट कित्येकांनी खाँसाहेबांची गायकी त्यांवरूनच ओळखली. लांब अवधीची तबकडी आणि चुंबकीय टेप आल्यावर हेच संपादन गळ्यातून निघून मेजावर आले आणि नजरेत भरू लागले.

मेजावरच्या या संपादनाने ‘मूळ संहिता’ कोणती हा प्रश्न उभा केला, आणि तो पुढे अधिकच गुंतागुंतीचा होत गेला. डेव्हिस १९९१ मध्ये वारले. १९९८ मध्ये या काळातील ध्वनिमुद्रणांचा चार तबकड्यांचा एक संच ‘संपूर्ण’ या विशेषणासह प्रकाशित झाला. त्यासाठी मूळ अनेकपदरी टेपांवरून नव्याने मिश्रण करण्यात आले, आणि मॅसेरो यांनी या संचाविषयी उघड नाराजी व्यक्त केली. त्या संचात ऑगस्टनंतरच्या कित्येक महिन्यांची ध्वनिमुद्रणे आहेत, पण ऑगस्टच्या त्या तीन दिवसांची कच्ची, न कापलेली वादने नाहीत. म्हणजे ‘संपूर्ण’ या शब्दाच्या आतही कात्री आहेच. याच प्रवाहातील ‘वेदर रिपोर्ट’ या झाविनुल-शॉर्टर यांच्या वृंदाबाबत दोन्ही पाठ उपलब्ध असल्याने तुलनेची सोय झाली आहे. जानेवारी १९७२ मधील त्यांची टोकियोची मैफल जपानमध्ये जवळजवळ समग्र प्रकाशित झाली, आणि तिचेच कापलेले अंश त्याच वर्षीच्या ‘आय सिंग द बॉडी इलेक्ट्रिक’ या तबकडीची दुसरी बाजू बनले. सव्वीस मिनिटांचा एक सलग खंड तिथे दहा मिनिटांचा झालेला दिसतो. दोन्ही ऐकणाऱ्याला कापलेला पाठ अधिक तीव्र आणि समग्र पाठ अधिक विश्वासार्ह वाटण्याचा संभव आहे. यांतला ‘अधिक उत्स्फूर्त’ कोणता असे विचारले तर शब्दाच्या कोणत्या अर्थाने, असा प्रतिप्रश्न करावा लागेल.

संहिताचिकित्सेच्या दृष्टीने सर्वांत कुतूहलजनक खंड मात्र संचाच्या अगदी शेवटी आहे. ‘सँक्च्युअरी’ ही शॉर्टर यांची धून. डेव्हिस यांनी ती फेब्रुवारी १९६८ मध्ये जॉर्ज बेन्सन यांच्या गिटारसह एकदा मुद्रित केली होती, पण तो पाठ १९७९ पर्यंत अप्रकाशित राहिला. जुलै १९६९ मध्ये आँतिबच्या रंगमंचावर ती वाजली. ‘बिचेस ब्रू’मध्ये ती सुमारे अकरा मिनिटांची आहे, आणि ही अकरा मिनिटे म्हणजे १९ ऑगस्टला झालेली दोन वेगवेगळी वादने एकापुढे एक जोडून तयार झालेली आहेत. मॅसेरो यांना दोहोंतून एक निवडता आले असते. त्यांनी निवड केली नाही. प्रस्तावनेसारखी हळुवार उलगडणारी धून चढत जाते, ओसरते, निःशब्दाच्या काठाशी येते, आणि तिथून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पाठभेद तळटिपेत न टाकता ग्रंथाच्या मुख्य भागातच छापावा, तसे हे आहे. पहिल्या वेळी ऐकणाऱ्याला ती धुनेची पुनरावृत्ती वाटते. जोड ठाऊक झाल्यावर तीच दोन वादने एकमेकांची चिकित्सा करू लागतात, आणि दुसऱ्यातला प्रत्येक स्वर पहिल्याने न केलेल्या निवडीसारखा ऐकू येतो.